बॉयलरच्या खोलीतलं सारवण

१

साठ फूट पाईप, आणि अंगावर चिंधी म्हणून उरली नव्हती!

वच्छलाबाई तायडे बॉयलरच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. पाच आठवड्यांपूर्वी हेच पाईप पांढऱ्या जाड लेपात गुंडाळलेले होते. वर कापड, कापडावर तार. आज सगळे उघडेवाघडे, गंजलेले. लाल खडूने घातलेला अकरा नंबर तेवढा भिंतीवर शाबूत होता.

धुळ्यात पांझरा नदीपलीकडचा हा जुना जिन, म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना, शंभर वर्षांपूर्वी कुणा इंग्रज साहेबाने बांधला. कापसाच्या गाठी बांधणं बंद पडून वीस वर्षं झाली. आता ब्याण्णव साली एका शिक्षण संस्थेने तो मुलींच्या वसतिगृहासाठी घेतला होता. शिरपूर-साक्रीकडच्या खेड्यांतल्या बेचाळीस मुली पंधरा जूनला इथे राहायला येणार होत्या. अनुदानाच्या सरकारी पत्रात एक ओळ होती: इमारत राहण्यास निर्धोक असल्याचा तज्ज्ञाचा दाखला जोडावा. असल्या ओळीखाली चहा पिता पिता सही ठोकणारे तज्ज्ञ धुळ्यात काही कमी नव्हते. संस्थेचं नशीब असं, की काम आलं जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या वच्छलाबाईंकडे. त्या आधी बघायच्या आणि मग सही करायच्या. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ही खोड जाणार तरी कशी?

पहिल्या फेरीत त्यांनी अठरा जागांवर नंबर घातले. कुठे दारांचा शिसं मिसळलेला जुना रंग, कुठे कोठारात फुटलेले कीटकनाशकाचे डबे. पण त्या थबकल्या त्या अकरा नंबरला. हा पांढरा लेप ॲस्बेस्टॉसचा असणार, असा त्यांना दाट संशय आला. दगडातून निघणारा, कापसासारखा तंतू. त्याची धूळ श्वासाबरोबर छातीत गेली की तिथेच घर करते आणि वीस-तीस वर्षांनी माणसाचा दम कोंडते. मुंबईला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात त्यांनी त्याचे रोगी डोळ्यांनी पाहिले होते.

त्या दिवशी त्यांनी तंतू चिमट्यात धरून त्याला काडी लावून पाहिली होती. तो लाल झाला, विझला आणि होता तसाच राहिला. पहारेकरी चुडामण कंदील धरून शेजारी उभा होता. त्याची बायको बेबाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती.

"बाई, हाई काय शे?" तिने विचारलं.

"मुंबईचा रिपोर्ट येऊ द्या, मग सांगते," वच्छलाबाई म्हणाल्या आणि नमुना बाटलीत भरून निघाल्या. खात्री नसताना लोकांना घाबरवू नये, असं त्यांना शिकवलं होतं.

रिपोर्ट काही येईना. शेवटी काल त्यांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, "मॅडम, ॲस्बेस्टॉसच आहे. रिपोर्ट संस्थेच्या पत्त्यावर कधीच पाठवला." आज शनिवारी पहाटेची पहिली एसटी पकडून त्या धुळ्यात आल्या, आणि समोर हे!

चोरी म्हणावी, तर पाईपावरचे पितळी कॉक जागच्या जागी होते. पितळ सोडून पांढरा कचरा नेणारा चोर कोण? आणि नेला तर ठेवला कुठे? त्यांना चोराशी काही घेणंदेणं नव्हतं. तो लेप कुणाच्या तरी नाकातोंडात जाणार होता, तो आधी सापडायला हवा होता.

"हे कुठे गेलं ते कळल्याशिवाय मी इथून हलायची नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. ऐकायला फक्त चुडामण होता. त्याने मान खाली घातली.

२

संस्थेचे चिटणीस गिरधरनाना ऑफिसात पंख्याखाली बसले होते. स्वच्छ धोतर, स्वच्छ टोपी, बोलणं त्याहून स्वच्छ.

"या या मॅडम! ऊन काय मी म्हणतंय. सरबत मागवतो."

"सरबत राहू द्या, नाना. अकरा नंबरचा लेप कुठे आहे?"

नानांनी हात पसरले. "मला काय ठाऊक? पण झालं ते बरंच झालं म्हणा की. धोका होता तो गेला. जी वस्तूच नाही, तिच्यासाठी दाखला कशाला अडवायचा?"

"वस्तू नाहीशी होत नसते, नाना. फक्त जागा बदलते. मुंबईचा रिपोर्ट आला?"

"कालच आला बघा. तुम्हाला पाठवणारच होतो." नानांनी कपाटातून पाकीट काढून पुढे केलं.

वच्छलाबाईंनी ते उलटं केलं. मागे धुळ्याच्या टपाल कचेरीचा शिक्का चांगला ठळक होता. सत्तावीस एप्रिल. आज नऊ मे. पाकिटाची पट्टीही एकदा उघडून पुन्हा चिकटवलेली.

"बारा दिवस, नाना! काल आलं म्हणता?"

पंखा फिरत होता तरी नानांच्या कपाळावर घाम आला. "मॅडम, उद्घाटनाला मंत्री येणार आहेत. गावोगावच्या पोरींची नावं लागली. हे वसतिगृह झालं नाही, तर त्यातल्या निम्म्यांचे बाप यंदा लग्नं उरकून टाकतील. मी काय माझ्या घरासाठी केलं का?"

ते खोटं नव्हतं. म्हणूनच वच्छलाबाईंना जास्त राग आला.

"रिपोर्ट वाचल्यावर काय केलंत?"

"देवचंदला सांगितलं. म्हटलं, बाबा, गाजावाजा न करता ते पाईप साफ करून टाक."

म्हणजे ठेकेदार! वच्छलाबाई ताडकन उठल्या.

३

देवचंद ठेकेदार दिवाणखान्याएवढ्या पोटाचा, पण कामाला वाघ. तो शिडीखाली उभा राहून गवंड्यांवर ओरडत होता. लेपाचं नाव काढताच त्याने कानाला हात लावला.

"आईची आण, मॅडम. नानांनी सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू? दोन तारखेला सकाळी चार माणसं घेऊन गेलो. बघतो तर पाईप आधीच उघडे! म्हटलं, नानांनी दुसऱ्याकडून उरकून घेतलं वाटतं. मोठ्या माणसाला कोण विचारणार? गप्प बसलो."

"आणि नानांना वाटलं तुम्हीच केलं. तेही गप्प!" वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. दोन शहाणे एकमेकांची लाज राखत बसले होते आणि विषाची टोपली तिसरंच कुणी उचलून नेली होती.

"त्याआधी लेप शेवटचा कधी पाहिलात?"

"तीस तारखेला संध्याकाळी. पाईपांवर ताडपत्री टाकायला गेलो होतो, तेव्हा होता. एक मेला झेंडावंदन म्हणून सगळ्यांना सुट्टी दिली. इथे चिटपाखरू नव्हतं." देवचंद जरा घुटमळला. "आणि एक सांगू का? माझी माणसं हात लावतील तर घण लावतील. निम्मा लेप जमिनीवर सांडतील, पाईपाला चार पोचे पाडतील. असं केळ्याच्या सालीसारखं सोलून काढणं आमच्या बापजन्मात जमायचं नाही."

हा गडी खरं बोलत होता, आणि नकळत लाखमोलाचं बोलून गेला होता.

एक मे. आवारात कुणी नाही. म्हणजे तसं म्हणायची पद्धत. फाटकाजवळच्या खोलीत राहणारी माणसं कुणी मोजतच नाही.

४

त्या बॉयलरच्या खोलीत परतल्या. तोंडाला ओला रुमाल बांधला, आणि सकाळी रागाच्या भरात जे बघायचं राहिलं होतं ते आता नीट बघितलं.

लेपावरची तार कोपऱ्यात होती. तोडून फेकलेली नव्हे. उलगडून, गोल वेटोळं करून खुंटीला टांगलेली. पाईपांवर ओल्या फडक्याचे फराटे होते. आणि खालची मातीची जमीन? ती शेणाने सारवलेली होती! एका हाताची, अर्ध्या चंद्रासारखी, एकसारखी बोटं उठली होती.

वच्छलाबाई उंबऱ्यावर बसल्या. अर्धा दिवस त्या बाप्यांना फैलावर घेत फिरत होत्या. घण मारणारा माणूस कधी सारवतो का? पुरावा लपवणारा सारवेल, तर तारेचं वेटोळं कशाला करेल? हे काम लपवायला केलेलंच नव्हतं. कुणीतरी आपली वस्तू काढून घेतली आणि जागा झाडून-सारवून ठेवली, जशी कुठलीही नीटनेटकी बाई ठेवील.

पण बाईला ह्या लेपाचा उपयोग काय?

उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. आवारातल्या नव्या स्वयंपाकघरात बेचाळीस मुलींच्या भाकरीसाठी सहा चुली ओळीने मांडल्या होत्या. नुकत्याच केलेल्या, अजून न पेटवलेल्या. वच्छलाबाई खाली वाकल्या. वैशाखाचं ऊन चव्वेचाळीसावर गेलेलं. या दिवसांत मातीची चूल सावलीत वाळवली तरी तडकते. या सहा चुलींना मात्र केसाएवढी चीर नव्हती. त्यांनी रुमाल घट्ट केला आणि भिंगातून पाहिलं. मातीत पांढरे, बारीक, रेशमी तंतू चमकत होते.

सहा चुली. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकर, राख, खरवडणं, पुन्हा लिंपणं. आणि भोवती बेचाळीस पोरी.

त्या तडक फाटकाजवळच्या खोलीकडे निघाल्या. दारातल्या निंबाखाली, जिथे चुली वाळत घातल्या होत्या, तिथे जमिनीवर ओल्या मातीचे ठसे उमटले होते. घोड्याच्या नालासारखे. त्यांनी मोजले. आठ. खोलीत डोकावलं तर सातवी चूल कोपऱ्यात होती.

आठवी?

५

"अक्का, या चुली तुम्ही केल्या?"

बेबाबाई तांदूळ निवडत होती. पंचेचाळिशीची, हाडापेराने मजबूत. ती काही बोलायच्या आत चुडामण मध्ये पडला. "बाई, तिले काई माहीत नही! मी सांगस, तिले काई…"

"चुडामणभाऊ, नोकरीची काळजी करू नका. कुणावर चोरीचा आळ घालायला मी आले नाही."

"चोरी कसानी?" बेबाबाईने सूप बाजूला ठेवलं आणि ताठ उभी राहिली. "नानास्नी माले सांगं, चुली कर, पन तडकाले नको. आम्ही मातीमा कापूसना कचरा घालतस. चूल पेटनी का तो कचरा जयी जास, मंग चूल तडकस. जलमभर मी न जयणारा कापूस धुंडी राहिन्ती. आनि तुम्हीच तं दखाडा ना तो! काडी लाई तुम्हीन, मन्हा डोयासमोर. जयनाच नही!"



सकाळपासून वच्छलाबाई ज्याचा माग काढत होत्या, तो माग फिरून त्यांच्याच पायाशी आला होता. लेप जळत नाही हे या आवारात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी दाखवलं. आणि तो मारतो, हे मात्र पोटात ठेवलं. विचारलं होतं या बाईने. सरळ, स्पष्ट विचारलं होतं.

"अक्का, ते विष आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. छातीत कसं जातं, बाहेर का येत नाही. बेबाबाईचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"आठवी चूल कुठे आहे?"

"इंदूले दिधी. मन्ही पोर. आखाजीना सनले माहेरले येल व्हती. परवाच गई नशिराबादले. तिनं पोरगं आठ महिनानं शे. रांगस."

तेवढ्यात गिरधरनाना आणि देवचंद दारात आले. सारं ऐकून नानांच्या जिवात जीव आला. "म्हणजे हे बेबाबाईने केलं तर! चुडामण, तुला पहारा करायला ठेवलं की घर भरायला? उद्यापासून—"

"नाना!" वच्छलाबाई अशा कडाडल्या की देवचंद दोन पावलं मागे सरला. "हिशेब नीट ऐका. पहिली चूक माझी. हिने विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. दुसरी तुमची. रिपोर्ट सत्तावीसला आला, लेप एक मेला निघाला. मधले चार दिवस तो कागद तुमच्या कपाटात होता. एकदा मोठ्याने वाचला असतात, तर या बाईने त्या लेपाला हात लावला नसता. अहवालात दोघांची नावं जातील, याच क्रमाने. बेबाबाईला तुम्ही काम सांगितलं आणि तिने ते तिला येत होतं तितकं उत्तम केलं, एवढंच तिच्याबद्दल लिहीन. चुडामणला हात लावलात, तर तो अहवाल मीच कलेक्टरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवीन."

"आणि उद्घाटन?" नाना पुटपुटले.

"दिवाळीनंतर. तोवर मुलींची सोय शाळेच्या वर्गांत करा. एकीचंही नाव गळता कामा नये, ते तुमच्याकडे लागलं. देवचंदभाऊ, स्वयंपाकघर आणि ही खोली बंद करा. साती चुली ओल्या पोत्यांनी झाका. झाडायचं नाही, फोडायचं नाही, मी येईपर्यंत पाणी मारत राहायचं."

देवचंद मान हलवून पळाला. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मॅडम, तुमचं स्वतःचं नाव घालायची काय गरज होती?"

त्यांना उत्तर द्यायला वच्छलाबाई तिथे थांबल्या नव्हत्या. त्या बेबाबाईला घेऊन स्टँडकडे निघाल्या होत्या.

६

धुळे ते जळगाव एसटी, तिथून नशिराबादला टेम्पो. चार तासांचा रस्ता. पारोळ्याला वच्छलाबाईंनी चहा पुढे केला, तो बेबाबाईने घेतला नाही.

इंदूच्या ओसरीवर शेजारच्या तीन बायका बसल्या होत्या. चूल बघायला आल्या होत्या! "आई, दख ना!" इंदू हसत उठली. "दोन दिन झाले पेटाडीसन, एक चीर नही. आख्खी गल्ली तुन्हं नाव काढी राह्यनी." पोरगं चुलीपासून दोन हातांवर जमिनीवर बसून वाटी आपटत होतं.

बेबाबाईने आधी पोराला उचलून शेजारणीच्या हातात दिलं. "याले बाहेर ली जा. बठ्ठाच बाहेर जा."

मग वच्छलाबाईंनी सांगितलं तसं तिने केलं. लाकडं ओढली, चूल निवू दिली, थोडं थोडं पाणी शिंपडून माती मऊ केली. दोघींनी तोंडावर ओली फडकी बांधली. वच्छलाबाई हात घालायला गेल्या तर बेबाबाईने त्यांना बाजूला सारलं. "मी करी, मीच मोडसू." ओल्या पोत्याखाली तिने ती चूल ढेकूळ ढेकूळ करून सोडवली. धूळ म्हणून उडू दिली नाही. गोळा करून जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर गाठ. जमीन तीनदा ओल्या फडक्याने पुसली आणि फडकीसुद्धा पिशवीत घातली. इंदू दाराच्या चौकटीला धरून रडत होती.

सगळं आवरल्यावर दोघी मागच्या अंगणात हात धुवायला बसल्या. बेबाबाई बराच वेळ नखं घासत होती.

"पोरले काही व्हई का?" तिने विचारलं.

"दोनच दिवस झाले, आणि तंतू मातीत बसलेले होते. त्याला धोका फार कमी. नाहीच असं मात्र म्हणणार नाही."

"आनि माले? मी दोन दिन हातखाल कुस्करं ते."

तपासणी करू, मग बघू, असं वच्छलाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळून टाकलं.

"तुमच्या छातीत गेलंय, अक्का. किती, ते कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित काही होणार नाही. कदाचित पंचवीस वर्षांनी दम लागायला लागेल. गेलेलं बाहेर काढता येत नाही. दर वर्षी मी तुमची तपासणी करून आणीन, मी जिवंत आहे तोवर."

बेबाबाई रडली नाही. वच्छलाबाईंचे मात्र डोळे भरून आले.

"पहिले दिन सांगती, तं मी हात लावती का?" बेबाबाईने विचारलं. इतका वेळचं 'तुम्ही' तिने सोडून दिलं होतं.

"नसता लावला."

"बाकीना सतरा नंबर शेतस ना भितीवर? तठे आमन्या बाया काम करी राहिन्यात. त्यास्ले सांगं का कोनी?"

"नाही. सात जागांचे रिपोर्ट अजून यायचेत." वच्छलाबाईंनी पदराने डोळे पुसले. "सोमवारी कामावर आल्या की सगळ्यांना सांगते. रिपोर्ट येवो न येवो, जी शंका आहे ती सांगते."

"सोमवारी कसाले?" बेबाबाई उठली, लुगड्याचा काष्टा आवळला. "उद्या ऐतवार शे. बठ्ठ्या घरीच राहतीन. माले त्यास्ना घर माहीत शेतस. चाल."

शेवटची एसटी धरून त्या धुळ्याला परतल्या. रविवारी सकाळी सात वाजता दोघी मजुरांच्या वस्तीत पहिल्या दारासमोर उभ्या होत्या. कडी बेबाबाईने वाजवली. दार उघडलं तशी ती म्हणाली, "बस. हाई बाई काय सांगस ते ऐक. आनि जे इचारनं व्हई ते आतेच इचार."

वच्छलाबाईंनी सांगायला सुरुवात केली.